चरका लागलेली केळी, हिरवा उजेड आणि आमची फजिती

जळगावकडच्या माणसाला चरका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो, थंडीत पारा १० च्या खाली गेला की केळीला जे होतं ते. पानं पिवळी पडतात, निसवण (घड बाहेर पडणं) अडते, घड भरत नाही, आणि जे घड आधीच लटकलेले असतात त्यांच्या सालीखाली तपकिरी रेघा धरतात, मग ते फळ पिकवलं तरी पिवळंधमक न होता राखेसारखं मळकट दिसतं आणि व्यापारी तोंड वाकडं करून भाव पाडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ आणि हिवाळ्यात ८-९, आणि केळी तर मुळात उष्ण दमट भागातली, फळाला १३ अंशाच्या खाली सोसतच नाही, म्हणून तर कंटेनरमधे ती १३-१४ वर ठेवून पाठवतात.

तर आमच्याकडे एमएस्सीला एक पोरगी होती, चोपडा तालुक्यातली, घरची पीलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांवर धरलेली केळीबाग). त्या जानेवारीत तिच्या आबांच्या बागेला चरका लागला आणि नेमका तेव्हाच प्रोजेक्टचा विषय ठरवायचा होता. मला म्हणाली, "सर, बाहेरून काय होतं ते आबांनाही माहितीये, मला आतून बघायचंय, पेशी जिवंत असताना." इथून हे प्रकरण सुरू झालं. सगळं लिहून काढतोय कारण आम्ही दोघं चार महिने एका फोटोच्या मागे लागलो होतो, तो फोटो खरंच सुंदर होता, आणि त्याचा अर्थ आम्ही जो लावला तो जवळपास सगळा चुकला होता. त्यात पोरीपेक्षा माझी चूक जास्त, तेही येईलच पुढे.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. थंडीत पेशीच्या पडद्यातली चरबी आखडते (तूप गोठतं तसं समजा), मग मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्टमधे इलेक्ट्रॉनची जी साखळी चालते ती तुंबते, आणि तुंबलेले इलेक्ट्रॉन गळून ऑक्सिजनवर पडतात. त्यातून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड. थोडं असलं तर पेशी त्याचा निरोप म्हणून वापर करते, जास्त झालं तर तेच पडदे जाळतं. म्हणजे चरक्याच्या तपकिरी रेघा दिसण्याच्या कितीतरी आधी आत ही रासायनिक भानगड सुरू झालेली असणार, असा अंदाज. तो बघायचा होता.

जुनी पद्धत म्हणजे डायअमिनोबेन्झिडिन, पेरॉक्साइड असेल तिथे तपकिरी डाग पडतो. पण केळीची साल कापली की स्वतःच तपकिरी होते, तिच्यात फिनॉल आणि ते काळवंडवणारं एन्झाइम दोन्ही भरपूर, त्यामुळे कुठला डाग आपला आणि कुठला केळीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून ठरलं की चमकणारा प्रोब, म्हणजे पेशीतली खबर उजेडानं देणारा डाय (रंग), वापरायचा. हे ठरवताना आमच्या डोक्यात आलंच नाही की केळीला स्वतः चमकताही येतं.

चमकणं म्हणजे काय ते डीजेच्या जांभळ्या लाइटमधे पांढरा शर्ट घालून नाचलेल्या प्रत्येकाला माहिती आहे. कपड्याच्या पावडरीत जे उजळवणारं केमिकल असतं ते न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट उजेड गिळतं आणि दिसणारा निळसर उजेड बाहेर टाकतं. घेतलेल्या उजेडापेक्षा दिलेला उजेड नेहमी थोडा थकलेला, म्हणजे लांब तरंगाचा. हे १८५२ मधे जॉर्ज स्टोक्सनं क्विनाइन वगैरेवर दाखवलं आणि पुढे फ्लुओरेसन्स हे नावही त्यानंच दिलं. १८७१ मधे अडॉल्फ फॉन बायरनं फ्लुओरेसिन बनवलं, निळा उजेड घेऊन झगझगीत हिरवा देणारं, डोळ्यांचे डॉक्टर अजूनही पडद्याच्या तपासणीत वापरतात ते हेच. आमचा प्रोब त्याच घराण्यातला.

डीसीएफएच-डीए त्याचं नाव, पूर्ण नाव घेतलं तर दम लागतो. याची करामत अशी की बाटलीत असताना हा चमकत नाही, त्याच्या दोन टोकांना ॲसिटेटची टोपी घातलेली असते आणि टोपीमुळे तो तेलकट राहतो, पडद्यातून आरामात आत शिरतो. आत गेला की पेशीची एस्टरेज एन्झाइमं टोप्या कापून टाकतात, आता तो डीसीएफएच, पाण्यात विरघळणारा झाला, सहजासहजी बाहेर पडत नाही. अजूनही चमकत नाही. आत कुणी त्याचं ऑक्सिडेशन केलं की मग तो डीसीएफ होतो, ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड टाकला की ५२० च्या आसपासचा हिरवा परत देतो. जिथे हिरवं तिथे पेरॉक्साइड, असं आम्ही समजलो. आम्हीच काय, निम्मं जग समजतं.

टोपी घालून आत पाठवायची युक्ती रॉजर त्सिएननं कॅल्शियमसाठी वापरली, १९८१ मधे. आधी पेशीत डाय घालायचा तर बारीक काचेच्या सुईनं टोचावं लागायचं, एकेका पेशीला, यानं मात्र डायला एस्टरची टोपी चढवली आणि पेशीनंच ती आत जाऊन काढली. पुढे १९८५ मधे त्याचा कॅल्शियम मोजायचा डाय फ्युरा-२ आला आणि मला विचाराल तर सगळी खरी अक्कल त्याच्यात आहे, पण ती मला फार उशिरा कळली, त्यामुळे मीही ती उशिराच सांगतो.

आमच्याकडचं साहित्य सांगतो म्हणजे अंदाज येईल. एक जुना फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, मर्क्युरी लॅम्पवाला, त्याला तीन फिल्टर क्यूब, अल्ट्राव्हायोलेट टाकून निळं बघायचा, निळा टाकून हिरवं बघायचा आणि हिरवा टाकून लाल बघायचा. वर एक कॅमेरा. एक उणे २० चा डीप फ्रीझर. डायची बाटली बाहेरून मागवलेली, यायला महिना गेला, आल्यावर पोरीनं ती डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून एकाच मोठ्या ट्यूबमधे भरून ठेवली. थंडीच्या दिवसात लॅबमधे सकाळी डीएमएसओची बाटली बघावी तर गोठलेली, कारण तो १८.५ अंशालाच गोठतो, आणि पोरगी घाबरून माझ्याकडे आली की सर डाय खराब झाला. म्हटलं काही होत नाही गं, तळहातावर धर, वितळेल. वितळला. ते ठीक होतं, पण खराब व्हायची वेळ नंतर आली.

प्रयोग साधा. ग्रँड नैन जातीच्या केळीची कच्ची फळं घरून आणली, निम्मी १४ अंशावर, निम्मी ६ अंशावर, तीन दिवस. मग ब्लेडनं सालीचे पातळ काप, १० मायक्रोमोलर डायमधे अर्धा तास अंधारात, धुवायचं, स्लाइड, कव्हरस्लिप, बघायचं. थंडीतल्या सालीत पेशी अशा हिरव्या पेटलेल्या, कडा तर नुसत्या लखलखत होत्या, आणि १४ वाल्या सालीत मंद. पोरीनं मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला. मी पण खूश. पोस्टर करू म्हटलं, एका सेमिनारला पाठवू, शीर्षकात "हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेट दर्शन" असे शब्द होते. ते शब्द माझे.

पोस्टर छापायला जायच्या दोन दिवस आधी मी सहज विचारलं, डाय न टाकलेला काप कसा दिसतो? ती म्हणाली, सर तो काळाच असणार ना. मी पण म्हटलं असणारच, तरी एक काढून ठेव, कुणी विचारलं तर दाखवायला.

काळा नव्हता. डायचा थेंबही न लागलेल्या थंडीतल्या सालीत तपकिरी रेघांच्या आजूबाजूला हिरवट पिवळा उजेड होता, कडा तशाच लखलखत होत्या. पेशींच्या भिंतीत फिनॉल आणि लिग्निन असतात, ते स्वतः चमकतात, आणि फिनॉल जळून तपकिरी झाले की त्यांची चमक निळ्यापासून पिवळ्यापर्यंत पसरते. शिवाय आमचा क्यूब ५१५ च्या वरचं सगळं आत सोडणारा, म्हणजे हिरव्याबरोबर क्लोरोफिलचा लालही यायचा आणि दोन्ही मिसळून कॅमेऱ्यात पिवळट दिसायचं. आम्ही ज्याला पेरॉक्साइड म्हणत होतो त्यातला मोठा भाग हा चरक्याचा परिणाम होता, कारण नव्हे. म्हणजे आग लागली का बघायला गेलो आणि राखेचाच फोटो काढून आलो.

त्या दिवशी पोरगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, सर आता सगळंच तपासून बघू. मग पुढचे सहा आठवडे आम्ही केळीचा नाही, स्वतःचाच अभ्यास केला.

आधी अल्ट्राव्हायोलेट क्यूब लावला, बिनडायची पिवळी पडायला लागलेली साल खाली ठेवली, आणि पूर्ण फील्ड निळं. इतकं निळं की आम्हाला वाटलं लॅम्पचाच उजेड गळतोय. मग वाचताना सापडलं की हे २००८ मधेच इन्सब्रुकच्या बर्नहार्ड क्रॉयटलर आणि त्यांच्या सोबतच्यांनी दाखवलंय, केळी पिकताना क्लोरोफिल मोडतं, त्याचे तुकडे सालीत साठून राहतात आणि ते अल्ट्राव्हायोलेटखाली निळे चमकतात, बहुतेक झाडांत हे तुकडे पटकन पुढे मोडून दिसेनासे होतात पण केळीत टिकतात. पुढच्या वर्षी त्यांनी पिकलेल्या सालीवरच्या काळ्या ठिपक्यांभोवती निळं कडंही दाखवलं. म्हणजे निळा चमकणारा प्रोब घेऊन केळीच्या सालीवर बसणं म्हणजे दिवाळीच्या रात्री काजवे मोजायला बसण्यासारखं. नशीब आम्ही हिरवा घेतला होता, पैसे कमी होते म्हणून.

पोरीनं हे घरी सांगितलं तर आबांना पटेना. मग रविवारी मी चोपड्याला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या गादीवर नोटा तपासायचा जांभळा लाइट होता, त्याच्याखाली पोरीनं पिकलं केळ धरलं आणि शटर अर्धं ओढलं. आबा वाकून बघतात तर काय, "सर, हाई तं निळं दिखी राह्यनं!" चाळीस वर्षं केळी केली माणसानं, आणि व्यापाऱ्यानं तर लगेच विचारलं की याच्यावरून कार्बाइडचं पिकवलेलं ओळखता येतं का. म्हटलं नाही हो भाऊ, एवढं नका ताणू.

मग उजेडाचीच परीक्षा. डाय घातलेला काप ठेवला, लॅम्पचं शटर उघडं ठेवून अर्धा मिनिट नुसतं बघत बसलो. चमक वाढत गेली, डोळ्यादेखत. मला आधी वाटलं पेशीत काही होतंय, मग पोरीनं ऑब्जेक्टिव्ह बदलून कमी पॉवरवर घेतला तर कापाच्या मधोमध एक गोल हिरवा रुपया दिसला, बरोबर जेवढ्या भागावर लॅम्प पडत होता तेवढाच. म्हणजे आमचा उजेडच डायचं ऑक्सिडेशन करत होता. डीसीएफएचची ही खोड जगजाहीर आहे, आम्हाला माहिती नव्हती एवढंच. आणि आठवून बघितलं तर थंडीतला काप बघताना आम्ही छान जागा शोधत, फोकस जुळवत, एकमेकांना बोलावून दाखवत मिनिट मिनिट घालवायचो, १४ वाला काप बघून "काही नाही यात" म्हणून लगेच काढून टाकायचो. जिथे जास्त बघितलं तिथे जास्त चमकलं. दुसरं काय होणार.

कॅमेरा ऑटोवर होता. ही माझी चूक, मीच सेट करून दिला होता. ऑटोमधे कॅमेरा स्वतःच्या मनानं एक्स्पोजर कमीजास्त करतो, मंद फील्ड उजळ करतो, उजळ फील्ड दाबतो, त्यामुळे दोन फोटो शेजारी ठेवून हा जास्त तो कमी म्हणण्यात काहीही अर्थ नाही. चार महिन्यांचे सगळे फोटो, दोनशेच्या वर असतील, बाद. पेन ड्राइव्ह अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे.

आणि डाय. मार्चमधे एकदा रात्रभर लाइट गेली होती, सकाळी फ्रीझरखाली पाणी, ते आम्ही पुसून टाकलं आणि विसरलो. आता शंका आली म्हणून नुसत्या डायचा थेंब, पेशीबिशी काही नाही, स्लाइडवर ठेवला. चांगला डाय असता तर अंधार दिसला असता. दिसला हिरवा धुरकट उजेड. एकाच ट्यूबमधे सगळा साठा, रोज काढायचा, वितळायचा, परत गोठवायचा, वर ती रात्र, टोप्या आपोआप गळून पडल्या होत्या आणि ऑक्सिडेशन बाटलीतच झालं होतं. नवीन डाय आल्यावर पोरीनं पहिल्या दिवशीच तो पंचवीस छोट्या ट्यूबमधे वाटला, प्रत्येकीला फॉइल गुंडाळली, एकदा उघडली की परत ठेवायची नाही. तिच्या आईनं लोणच्याच्या बरण्यांना लावायची तसलं फडकं पण दिलं होतं बांधून आणायला, ते अजून फ्रीझरमधे आहे.

हे सगळं निस्तरल्यावरही मूळ प्रश्न राहतोच, की हिरवं म्हणजे पेरॉक्साइड का? तर नाही. हा डाय पहिल्यांदा १९६५ मधे केस्टन आणि ब्रँट यांनी परीक्षानळीत पेरॉक्साइड मोजायला वापरला तेव्हा त्यात पेरॉक्सिडेज एन्झाइम घालावं लागलं होतं, कारण एकटं पेरॉक्साइड याला जवळपास हातच लावत नाही. पेरॉक्सिडेज हवं, नाहीतर मोकळं लोखंड, नाहीतर पेशीतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन. म्हणजे थंडीत पेशी फुटून पेरॉक्सिडेज किंवा लोखंड सुटं झालं तर पेरॉक्साइड तेवढंच असूनही चमक वाढेल. वर आणखी गंमत अशी की डायचं अर्धवट ऑक्सिडेशन होऊन जो मधला रॅडिकल बनतो तो स्वतः ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवतो आणि त्यातून नवं पेरॉक्साइड. म्हणजे मोजायला बसवलेला माणूसच धान्याच्या ढिगात दोन मुठी टाकतोय. २०१२ मधे कल्याणरामन आणि इतर बऱ्याच जाणत्या लोकांनी मिळून या डायच्या मर्यादा सविस्तर लिहिल्या, २०२२ मधे तर रिॲक्टिव्ह ऑक्सिजन (सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड ही मंडळी) कसा मोजावा याची एक मोठी मार्गदर्शक सूचनाच निघाली, तिच्यातही सूर हाच, की नुसत्या या डायवर पेरॉक्साइडचं नाव घेऊ नका. आणि तरी तो रोज विकला जातो, कारण स्वस्त आहे आणि फोटो छान येतो. मला राग याचाच येतो, सोबत येणाऱ्या कागदावर पहिल्याच ओळीत पेरॉक्साइड लिहिलेलं असतं आणि मर्यादा कुठेतरी खाली बारीक अक्षरात.

चांगले प्रोब आहेत. ख्रिस्तोफर चँग यांच्या ग्रुपनं २००४ मधे बोरोनेटवाला पेरॉक्सीफ्लोर काढला, त्यात टोपीच बोरॉनची, ती पेरॉक्साइडनं निघते, हा डीसीएफएचपेक्षा खूप निवडक. पण तोही सावकाश काम करतो, आणि पेरॉक्सीनायट्राइट (ऑक्सिडेशन करणारा दुसरा एक रेणू) असेल तर ते तीच टोपी लाखो पटींनी भराभर काढतं. मग हायपर, २००६ मधला, जेलीफिशवरून आलेल्या प्रथिनाच्या कुटुंबातलं प्रथिन आणि बॅक्टेरियाचा पेरॉक्साइड ओळखणारा तुकडा यांची जोडी. हा पेशीत घालायला जीनच घालावा लागतो, ॲराबिडॉप्सिससारख्या झाडात लोक करतात, आमच्या लॅबमधे केळीत ते करणं म्हणजे सायकलवर नांगर. आणि त्यालाही पीएच बदलला की भ्रम होतो.

आता ती फ्युरा-२ ची अक्कल. त्सिएनला माहिती होतं की चमक किती हे चार गोष्टींवर ठरतं, डाय किती आत गेला, पेशी जाड की पातळ, लॅम्प जुना की नवा, किती डाय गळून गेला. म्हणून त्यानं असा डाय बनवला की कॅल्शियम बसलं तर ३४० चा उजेड जास्त गिळतो आणि नसलं तर ३८० चा. दोन्ही टाकून बघायचं, एकाला दुसऱ्यानं भागायचं. डाय कमी गेला तर दोन्ही आकडे सारखेच कमी होतात, भागाकार तोच राहतो. बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर विश्वास नसेल तर आपण काय करतो, त्याच काट्यावर आपलं माहितीतलं वजन ठेवून बघतो, तेच हे. त्सिएनला नोबेल २००८ मधे ओसामु शिमोमुरा आणि मार्टिन चाल्फी यांच्यासोबत मिळालं ते जीएफपी या जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी, पण मला विचाराल तर या भागाकारासाठीही द्यायला हरकत नव्हती.

आमच्या डायला भागाकार जमत नाही, तो एकाच रंगात बोलतो. पण आमची अडचण तर नेमकी तीच होती ना, थंडीनं पडदे गळके झाले तर डाय जास्त आत गेला की जास्त बाहेर आला, कुणी सांगावं. म्हणून गरीबाचा तराजू केला. फ्लुओरेसिन डायॲसिटेट नावाचा अगदी स्वस्त डाय मिळतो, त्यालाही तशाच टोप्या, त्याही पेशीनंच कापायच्या, पण याला चमकायला ऑक्सिडेशन लागत नाही, टोपी गेली की झालं. त्याच फळाचा शेजारचा काप याच्यात बुडवायचा. यात दोन्हीकडे चमक सारखी आली तर डाय आत जाणं आणि टिकणं सारखं, नाही आली तर आमचा हिशोब तेवढ्यानं वाकडा.

आणि साल सोडली. सालीत लेटेक्सच्या नळ्या, फिनॉल, मोडणारं क्लोरोफिल, तपकिरी रेघा, सगळा बाजारच. टिश्यू कल्चरची हार्डनिंगमधली (बाहेरच्या हवेला सरावत असलेली) रोपं आणली, त्यांच्या पांढऱ्या मुळांची टोकं घेतली. ती जवळपास पारदर्शक, बिनडायची बघितली तर हिरव्या क्यूबमधे जवळपास अंधार, अल्ट्राव्हायोलेटमधे तेवढी मधली लिग्निनची दोरी निळी. रोपं एक रात्र थंडीत, दुसरी नेहमीच्या तापमानाला. इथे पण एक पेच निघाला, थंडीतली मुळं थंडीतच डायमधे ठेवली तर एस्टरेज सुस्त, टोप्याच कापत नाही, आणि गरम जागी आणून ठेवली तर थंडीतून उबेत येण्याच्या धक्क्यानंच ऑक्सिडेशनचा एक झटका येतो. दोन्ही वाईट. शेवटी दुसरा रस्ता धरला आणि वहीत तसं लिहिलं, की आम्ही थंडीचं नाही, थंडी आणि मग उबेत येणं याचं मिळून बघतोय. शेतात तरी काय होतं, रात्री ८ अंश आणि दुपारी २८.

फोटोची पद्धत पण बदलली. फोकस साध्या उजेडात जुळवायचा, मग लॅम्पचं शटर उघडून पहिलाच फोटो घ्यायचा, एक्स्पोजर सगळ्यांना एकच, हातानं लावलेलं, लॅम्पसमोर उजेड कमी करायचा फिल्टर, एका जागेचा एकच फोटो. आणि स्लाइडवर नावं नाही. आमच्या लॅबमधले मामा, तीस वर्षं झाली त्यांना, ते स्लाइडवर नुसते नंबर चिकटवायचे आणि यादी स्वतःच्या खिशात ठेवायचे. पोरगी विचारायची, मामा १७ नंबर कोणती? मामा म्हणायचे, "आधी मोज, मग सांगतो." मामांना फ्लुओरेसन्स कळत नाही, पण आम्हा दोघांपेक्षा जास्त कडक तेच निघाले.

निघालं काय? मुळांच्या टोकात थंडीवाल्यांची डीसीएफची चमक जास्त राहिली, सगळं वजा करूनही, पहिल्या पोस्टरवाल्या फोटोइतकी भडक अजिबात नाही, डोळ्यानं दोन फोटो बघून कळणारही नाही, मोजल्यावर कळते अशी. गंमत म्हणजे फ्लुओरेसिन डायॲसिटेटची चमक त्याच मुळांत कमी आली, म्हणजे गळती होत होती, डाय कमी टिकत होता, तरी डीसीएफ जास्त, त्यामुळे फरक खरा असावा असं म्हणायला बळ आलं. आधी ॲस्कॉर्बेटमधे (व्हिटॅमिन सी) ठेवलेल्या मुळांत चमक उतरली, पण ॲस्कॉर्बेट तर त्या मधल्या रॅडिकललाही पकडतं, म्हणून त्यावरून पेरॉक्साइडचं नाव घेता येत नाही. सालीत मात्र बिनडायची चमक वजा केल्यावर फरक उरलाच नाही. निदान आमच्या हातून तरी दिसला नाही.

प्रोजेक्टच्या वहीत शीर्षक झालं "थंडीनंतर केळीच्या मुळांच्या टोकातील वाढलेले ऑक्सिडेशन". परीक्षेला आलेले बाहेरचे सर म्हणाले, शीर्षक जरा मिळमिळीत आहे, पेरॉक्साइड लिहिलं असतं तर वजन आलं असतं. पोरीनं न बोलता तो बिनडायच्या सालीचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, सर, हे काय आहे सांगा बरं. त्यांनी पण पेरॉक्साइडच सांगितलं.

आबांनी शेवटी विचारलंच, जे पहिल्या दिवसापासून त्यांच्या मनात होतं, "मंग हाई औषध चरका येवाना आधी सांगी का?" मी म्हटलं नाही आबा, हे औषधच नाही, आणि सांगेल तोवर तुमची रात्र निघून गेलेली असेल, तुम्ही आपलं बांधाला शेवरी नाहीतर गजराज गवत लावा, घडाला पिशव्या घाला, पारा उतरायला लागला की रात्री पाणी द्या आणि पहाटे धूर करा. ते म्हणाले ते तर करतोच आम्ही. पोरगी मधेच म्हणाली, आबा, पुढच्या थंडीत मी रात्री दोन वाजता बागेतूनच मुळं काढणार आहे, तेव्हा बॅटरी धरायला तुम्ही लागाल. आणि त्या पंचवीस ट्यूबांपैकी सात अजून शिल्लक आहेत, फॉइल न उघडलेल्या.